गच्चीवरच्या तीनशे बारा चादरी

खडूबाईंना ओळखायचं असेल तर तोंडाकडे बघू नका, गुडघ्यांकडे बघा. बाराही महिने दोन्ही गुडघ्यांवर पांढरे गोल. पालिकेच्या इमारत खात्यात त्या मोजणीदार. नोकरीला एकतीस वर्षं झाली, त्यातली निम्मी लोकांच्या डोक्यावरच्या गच्च्यांवर रांगण्यात गेली. घरात पडलेली सुई उचलायची तर कमरेला हात लावून "अगं आई गं" करतात, आणि सरकारी गच्चीवर मात्र रांगत्या बाळाला लाजवतील, असं शेजारी म्हणतात. शेजाऱ्यांना काय, उचलली जीभ लावली टाळ्याला.

पर्समध्ये बाकीच्या बायकांच्या असतं ते यांच्या नसतंच. मोजायची तीस मीटरची टेप, खडूंचं खोकं, आणि एकेचाळीस किल्ल्यांचा एक जुडगा. शहरातल्या शाळा, वाचनालयं, अग्निशमन केंद्र, मंडई, दवाखाने, सगळ्या सरकारी गच्च्यांच्या किल्ल्या. बाई चालायला लागल्या की जिना उतरेपर्यंत खुळखुळ ऐकू येते. नवऱ्याचं घड्याळं दुरुस्त करायचं छोटं दुकान आहे, त्यांना सगळे घड्याळकाका म्हणतात. ते म्हणतात, "आमच्या घरातली मांजरसुद्धा इतकी वाजत नाही."

तर झालं असं की शहराने ठरवलं, आपल्या सगळ्या सार्वजनिक इमारतींवर सोलर पॅनेलं बसवायची. चांगली गोष्ट. पण पॅनेलं बसवायच्या आधी कळायला नको का, कुठल्या गच्चीवर ऊन किती पडतं? पहिल्या खेपेला दहाच गच्च्यांची पॅनेलं येणार होती, बॅटऱ्यांसकट. एकेचाळीसांतून दहा निवडायच्या. त्यातल्या एकीवर खडूबाईंचा जीव अडकला होता, आणि ती होती प्रसूतिगृहाची गच्ची.

त्याचं कारण सोपं आहे. बाईंची लेक सातव्या महिन्यातच जन्मली, मुठीएवढी. प्रसूतिगृहात तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं आणि भरदुपारी वीज गेली. जनरेटर खोकला आणि गप्प झाला. नर्सने गरम पाण्याच्या पिशव्या लावल्या, पोरीला छातीशी धरलं, आणि घड्याळकाका दाराशी उभं राहून मनगटाकडे बघत राहिले. त्रेचाळीस मिनिटं. काका जगातल्या सगळ्या गोष्टींवर विनोद करतात, त्या त्रेचाळीस मिनिटांवर कधी केला नाही. लेक आता आईलाच चार गोष्टी सुनावण्याएवढी झाली आहे. पण त्या हॉस्पिटलात वीज अजून तशीच जाते, आणि जनरेटर अजून तसाच खोकतो. त्यामुळे बाईंना एवढंच हवं होतं: त्या दहांत प्रसूतिगृह असावं.

बाईंची मोजायची रीत अशी. दिवस लहान आणि सावल्या लांब असतात त्या थंडीच्या दिवसांत मोजायचं. त्या दिवसांत जी गच्ची उन्हात, ती वर्षभर उन्हात. सकाळी नऊला गच्चीवर जायचं. टाकी, जिन्याची खोली, शेजारचं झाड, समोरची इमारत, ज्याची ज्याची सावली पडली असेल तिच्या काठाने खडूने रेघ ओढायची आणि रेघेवर लिहायचं, "९". दहाला परत, "१०". असं दुपारी तीनपर्यंत. वेळ चुकू नये म्हणून काकांनी एक जाडजूड घड्याळ दिलेलं, दर तासाला कोंबड्यासारखं आरवणारं. संध्याकाळी ज्या जागेवर एकही रेघ चढली नाही, तेवढी जागा पॅनेलांची. एका गच्चीला एक दिवस. एकेचाळीस गच्च्या, एकेचाळीस डबे, आणि वहीत एकेचाळीस नकाशे.

आता तुम्ही म्हणाल, मग झालं की काम. तिथेच तर मेख आहे. काम झालं की ते कोणी केलं हे बघायला लोक येतात, आणि करणारीच्या गुडघ्यांवर खडू दिसला की त्यांचं समाधान होत नाही.

मोठ्या साहेबांनी बाहेरून एक सल्लागार आणला. गुळगुळीत माणूस, बुटांवर धुळीचा कण नाही. दर वाक्यात "उपग्रह" यायचा म्हणून चपराश्यापासून कारकुनांपर्यंत सगळे त्याला उपग्रहच म्हणायला लागले. उंटावरून शेळ्या हाकणारे आपण पाहिलेत, हा गडी आकाशातून हाकायचा. खऱ्या उपग्रहाने वरून काढलेले फोटो त्याने संगणकात घातले, संगणकाने गच्च्या ओळखल्या, मोकळी जागा मोजली आणि आठवड्याभरात रंगीत अहवाल आणून साहेबांच्या टेबलावर ठेवला. एकही गच्ची चढला नाही. एकही! शहरातल्या एकेचाळीस गच्च्यांचं भविष्य त्याने खुर्चीत बसून सांगितलं. कुडमुड्या ज्योतिषीसुद्धा निदान हात तरी बघतो हो.

अहवालात पहिला नंबर कुणाचा? मुख्य कचेरीचा. साहेबांच्याच इमारतीचा, गडद हिरव्या रंगात. आणि एकेचाळिसावा नंबर, लालभडक, प्रसूतिगृह. पुढे शेरा: "छतावर दाट बांधकामे. अयोग्य."

बाईंनी तो शेरा तीनदा वाचला. मग वही काढली. प्रसूतिगृहाच्या गच्चीवर एक टाकी आणि एक जिन्याची खोली, दोन्ही उत्तरेच्या टोकाला. बाकी सपाट मैदान, सकाळी नऊपासून तीनपर्यंत नुसतं ऊन. बांधकामं कुठून उगवली? आणि मुख्य कचेरीच्या पानावर तर साडेदहापासून तीनपर्यंत रेघांवर रेघा. कारण दक्षिणेला, रस्त्यापलीकडे, दोन वर्षांपूर्वी सतरा मजल्यांचं हॉटेल उभं राहिलंय आणि त्याची सावली कचेरीच्या गच्चीवर दुपारभर पाय पसरून झोपते.

अहवालातला फोटो घेऊन बाई तडक नवऱ्याच्या दुकानात गेल्या.

"अहो, हे बघा. इथे बांधकामं दिसतायत का तुम्हाला?"

काकांनी घड्याळं बघायचं भिंग डोळ्याला लावलं, फोटोवर वाकले आणि कागद कोपऱ्याकोपऱ्याने फिरवत राहिले.

"बोला की! डोळा चिकटला का कागदाला?"

"अगं," काका म्हणाले, "ही घरं असतील तर फार गरिबांची आहेत. भिंतीच नाहीत. नुसती उतरती छपरं, ओळीने. आणि एका छपराचा कोपरा वाऱ्याने उडालाय."

बाईंनी भिंग हिसकावलं. बघितलं. आणि दुकानातल्या सगळ्या घड्याळांनी एकदम टोले द्यावेत तशा ओरडल्या, "चादरी!"

प्रसूतिगृहाच्या चादरी धुणाऱ्या बाईंना सगळे चादरमावशी म्हणतात. त्यांची वाळत घालायची तऱ्हा न्यारी. एका दोरीवर लटकवत नाहीत, दोन दोऱ्यांवर तंबूसारखी पसरतात, म्हणजे वरून ऊन लागतं आणि खालून वारा. दोन तासांत कडकडीत. वरून बघितलं तर ओळीने छोटी छोटी छपरं. संगणकाने पाहिलं आणि ठरवलं, झोपड्या. माणसाला विचारलं असतं तर एका शब्दात कळलं असतं. पण माणसाला विचारायचं तर जिना चढावा लागतो ना!

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या खोलीत बाईंनी फोटो, वही आणि भिंग तिन्ही टेबलावर ठेवलं. उपग्रह शेजारच्या खुर्चीत चहा पीत बसला होता.

"साहेब, ह्या चादरी आहेत. आणि आपल्या गच्चीवर हॉटेलची सावली पडते. यांचा फोटो हॉटेल व्हायच्या आधीचा आहे, तीन वर्षांपूर्वीचा."

साहेबांनी वहीकडे असं बघितलं जसं कुणी पोराचं चित्र बघतो. "बाई, तुमची मेहनत आहे, मला मान्य आहे. पण तुम्ही खडूने मोजता. हे लोक उपग्रहाने मोजतात."

"उपग्रहाला खाली उतरता येत नाही साहेब, म्हणून तसं मोजतो. मला येतं."

उपग्रह गोड हसला. "मॅडम, आमच्या पद्धतीची अचूकता चौऱ्याण्णव टक्के आहे."

"मग उरलेल्या सहा टक्क्यांत माझ्या सगळ्या बाळंतिणी आल्या वाटतं?"

साहेब खोकले. साहेबांना खोकला नेमका खऱ्याच्या वेळी येतो. मग तडजोड निघाली. उपग्रह गुरुवारी सकाळी नऊला ड्रोन उडवणार, प्रसूतिगृहाचा नवा फोटो घेणार. "फक्त छत पूर्ण मोकळं ठेवा," तो म्हणाला. आणि साहेबांनी हळूच जोडलं, "आलाच आहात तर आमच्या कचेरीचाही एक छान फोटो घ्या. अहवालाच्या मुखपृष्ठासाठी."

मुखपृष्ठासाठी! बाई जिना उतरताना एकट्याच बडबडत होत्या. डोळ्यांसमोर माणूस उभा राहून सांगतो की त्या चादरी आहेत, तर त्यावर विश्वास नाही. पण चादरी काढून टाकल्या आणि ड्रोनने सांगितलं की तिथे काही नाही, की मग विश्वास! म्हणजे बाईंचे डोळे काय कपाळाला शोभेसाठी लावलेत? घरी येऊन त्यांनी हाच प्रश्न काकांना विचारला. काका म्हणाले, "शोभेसाठी असते तर एवढे वटारले नसतेस."

आता पुढची पायरी चादरमावशी. त्या प्रसूतिगृहाच्या मागच्या धुण्याच्या खोलीत हातात दांडकं घेऊन मोठ्या हौदात चादरी ढवळत होत्या. अंगाने बाईंच्या निम्म्या, आवाजाने दुप्पट.

"गुरुवारी चादरी वाळत घालायच्या नाहीत?" त्यांनी दांडकं थांबवलं. "मग बाळंतिणींच्या अंगाखाली काय घालू, तुमचा अहवाल?"

"एकच दिवस, मावशी."

"बाई, माझ्याकडे दोनच जोड. एक खाटेवर, एक धुण्यात. आजच्या संध्याकाळपर्यंत वाळल्या तरच उद्या खाटा झाकतात. एक दिवस म्हणजे काय असतं, ते खाटेवर निजलेल्या बाईला विचारा." मग दांडक्याने बाईंकडे रोख धरला. "आणि तुमचे ते आरसे की काय, ते माझ्या गच्चीवर बसले की माझ्या दोऱ्या कुठे बांधू? साहेबांच्या मिशांना?"

"उत्तरेला चार मीटरची पट्टी तुमची," बाई म्हणाल्या. "तिथे टाकीची सावली पडते, पॅनेलं तशीही बसणार नाहीत. माझ्या वहीत लिहिलंय. टाकीच्या जरा अलीकडे दोऱ्या बांधल्यात तर दुपारपर्यंत वाळतील, दोन तासांऐवजी चार तास लागतील एवढंच."

"तुमच्या वहीत लिहिलंय," मावशी म्हणाल्या, "म्हणजे कुठेच लिहिलेलं नाही."

हे बाईंना लागलं. कारण खरं होतं. तरी मावशी विरघळल्या. काचेच्या पेट्यांचं त्यांना कुणी सांगायला नको, पेट्यांतली दुपटी त्याच धुतात. पण चादरींचं काय?

मावशींनी विचारलं, "तो अहवाल म्हणतो काय? सगळ्यात चांगलं ऊन कुठे आहे?"

"मुख्य कचेरीच्या गच्चीवर."

"गच्ची रिकामी असते?"

"कुत्रं फिरकत नाही."

"किल्ली कुणाकडे?"

बाईंनी पर्स हलवली. खुळखुळ.

"मग घालू की तिथेच," मावशी म्हणाल्या. "शहरातलं एक नंबरचं ऊन! आमच्या बाळंतिणींचंही नशीब फळफळलं म्हणायचं."

बाई प्रामाणिक. त्यांनी लगेच सांगितलं, "मावशी, तिथे वाळणार नाहीत. साडेदहाला सावली येते."

"छे हो! साहेबांच्या अहवालात लिहिलंय ना? तुम्ही साहेबांपेक्षा शहाण्या का?" आणि मावशींनी दांडकं असं फिरवलं की बाईंच्या लक्षात आलं, ह्या बाईला सगळं कळलंय. बाईंनी जुडग्यातून कचेरीची किल्ली वेगळी काढली. तरी जबाबदारी म्हणून त्यांनी प्रमुख नर्सच्या कानावर घातलंच. नर्स म्हणाली, "संध्याकाळी सहाला मला कोरड्या चादरी हव्यात. त्या कुठल्या आभाळाखाली वाळवता, ते तुमचं तुम्ही बघा."

गुरुवारी सकाळी सातला मावशी आणि त्यांच्या दोन जोडीदारणी हातगाडीवर ओल्या चादरींचे गठ्ठे घालून मुख्य कचेरीवर आल्या. पहारेकऱ्याने अडवलं.

"काय आहे हे?"

"सरकारी काम," खडूबाई म्हणाल्या. सरकारी चादरी, सरकारी गच्ची. खोटं काय होतं त्यात?

तीन मजले आणि वर लोखंडी शिडी. बाई पुढे किल्ली घेऊन, मागे मावशी डोक्यावर गठ्ठा घेऊन, तोंडाने अखंड पट्टा चालू. "एवढा पगार घेतात आणि शिडीला धरायला एक दांडा बसवत नाहीत मेले." साडेआठला दोऱ्या बांधून झाल्या. पावणेनऊला तीनशे बारा चादरी तंबूसारख्या पसरल्या. मावशींच्या मोजणीत एकही कमी-जास्त होत नाही. खाली गच्चीवर बाईंच्या जुन्या खडूच्या रेघा अजून दिसत होत्या. त्या पुसल्या जाऊ नयेत म्हणून बाई मधूनमधून गिरवून ठेवत. "११". "१२". "१". "२".

नऊला ड्रोन आला. गांधीलमाशीसारखा घोंघावत त्याने प्रसूतिगृहावर दोन फेऱ्या मारल्या, मग कचेरीवर दोन. नऊला हॉटेलची सावली अजून पश्चिमेला, गल्लीत लोळत होती. गच्चीवर ऊन. चादरी चमकत होत्या. ड्रोन खूश होऊन निघून गेला.

थंडीतल्या सकाळच्या कोवळ्या उन्हात चादरींचं पाणी नुसतं निथळलं, आणि साडेदहाला सावली भिंत चढून आली. अकराला अर्धी गच्ची काळी. बाराला जवळजवळ सगळी. मावशी पायऱ्यांवर बसून बघत होत्या आणि दर अर्ध्या तासाने एक एक चादर चिमटीत धरून, "ओली," "ओली," "हीसुद्धा ओलीच," असं म्हणत होत्या. दुपारी दीडपर्यंत त्यांचा चेहरा बदलला होता. सकाळचा मिस्कीलपणा गेला. सहाला खाटा झाकायच्या होत्या, आणि गंमत गंमत म्हणून आपण केलं काय, असं त्यांना झालं. खडूबाईंनाही तेच वाटलं. साहेबांना धडा शिकवण्याच्या नादात एका बाईला उघड्या गादीवर निजावं लागलं, तर मग आपल्यात आणि उपग्रहात फरक काय राहिला?

"उचला," बाई म्हणाल्या. "पश्चिमेच्या चार ओळी उचला आणि तुमच्या गच्चीवर न्या. आत्ता. तिथे अजून तीन तास ऊन आहे."

जोडीदारणींनी हातगाडी दामटली. आणि मावशींनी एक ओली चादर खांद्यावर टाकली. "ही माझ्याकडे राहू दे."

पावणेदोनला साहेबांच्या खोलीत बैठक. उपग्रहाने भिंतीवर पडदा लावला होता. सकाळचे फोटो संगणकाने दोन तासांत वाचून काढले होते. प्रसूतिगृह आलं. मोकळं, गडद हिरवं. साहेब म्हणाले, "छान, छान. म्हणजे बाईंचं म्हणणं तपासलं आपण." तपासलं!

मग मुख्य कचेरी आली. लाल. नुसती लाल. पडद्यावर बारीक चौकटींचा खच पडला होता. खाली शेरा: "छतावर ३१२ बांधकामे. अयोग्य."

साहेब खुर्चीतून उठले. "तीनशे बारा? माझ्या डोक्यावर तीनशे बारा बांधकामं केली कोणी? कोणाच्या परवानगीने?"

उपग्रहाचा चहा हिंदकळला. "सर, प्रणालीने जे बघितलं ते..."

दार उघडलं. न ठोठावता. चादरमावशी आत आल्या, टेबलापाशी गेल्या आणि खांद्यावरची चादर साहेबांच्या रंगीत अहवालावर धाडकन टाकली. अहवालाचा हिरवा रंग ओला होऊन पसरला.

"हे घ्या तुमचं एक बांधकाम. बाकीची वर आहेत. शंभर मी परत धाडली."

"ह्या कोण?" साहेबांनी बाईंकडे पाहिलं.

"माझं काय विचारता, चादरीला हात लावा!" मावशी म्हणाल्या. "लावा हात. लावा की. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

साहेबांनी एका बोटाने चादर दाबली. बोट ओलं झालं.

"सकाळी नऊला घातलीय. आता दोन. पाच तास! माझ्या गच्चीवर दोन तासांत पापडासारखी होते. तुमच्या एक नंबरच्या उन्हात पाच तासांत ओलीच्या ओली. मग तुमच्या आरशांना वरती चाटायला ऊन कुठून आणणार?"

उपग्रहाने सावरायला म्हणून सांगितलं, "हवेत दमटपणा जास्त असेल..."

"माझ्या गच्चीवर काय दुसऱ्या देशाची हवा येते?"

तेवढ्यात बाईंच्या मनगटावरचं घड्याळ आरवलं. दोन. बाई उठल्या. "साहेब, वर चला. पाच मिनिटं. आत्ता आलात तर बोलणं लागणार नाही."

साहेब त्या इमारतीत अकरा वर्षं बसत होते आणि गच्चीवर पहिल्यांदाच चढले. शिडीवर अर्ध्यात थांबून म्हणाले, "हिला दांडा का नाही?" मावशी खालून म्हणाल्या, "तेच मी सकाळी म्हणत होते."

वर आल्यावर त्यांनी बघितलं. दोनशेच्यावर चादरी गार सावलीत मान टाकून पडल्या होत्या. बाई गुडघ्यावर बसल्या आणि खडूची जुनी रेघ दाखवली. रेघेवर "२" असं लिहिलेलं, तीन आठवड्यांपूर्वीचं. हॉटेलच्या सावलीचा काठ त्या रेघेवर बसला होता, बोटभर इकडे नाही की तिकडे नाही. साहेब बघत राहिले. मग वर मान करून सतरा मजल्यांकडे पाहिलं.

"हे हॉटेल एवढं उंच कधी झालं?"

"दोन वर्षं झाली," बाई म्हणाल्या. "परवानगीवर सही तुमचीच आहे."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. साहेबांना खोकला आला, पण या वेळी तो लांबला नाही.

त्या संध्याकाळी पावणेसहाला तीनशे बारा चादरी कोरड्या झाल्या, उरलेल्या दोनशे बाराही हातगाडीने वेळेत पोचल्या. शेवटच्या वीस तेवढ्या नर्सने इस्त्री फिरवून कोरड्या करून घेतल्या आणि दोघींना दरवाजात उभं करून जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

नवा अहवाल आला. प्रसूतिगृह पहिल्या दहांत, तेही पहिल्या नंबरावर. मुख्य कचेरी "पुढील टप्प्यात विचाराधीन." खडूचा शब्द नाही, हॉटेलचा नाही, चुकीचा तर नाहीच नाही. प्रसूतिगृहाच्या पानावर उपग्रहाने लिहिलं होतं: "प्रत्यक्ष पाहणीत छतावरील अडथळे यशस्वीपणे दूर करण्यात आले." बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. प्रत्यक्ष पाहणीत! कुणाच्या? बाकीच्या एकोणचाळीस गच्च्यांचे आकडे तसेच, आकाशातून आलेले. ते दुरुस्त करा म्हणून बाईंनी अर्ज दिला तर उत्तर आलं, नोंद घेतली आहे. नोंद घेतात. गच्चीवर मात्र जात नाहीत.

आणि कंत्राटदाराच्या आराखड्यात मावशींची चार मीटरची पट्टी गायब! तिथे त्याने बॅटऱ्यांचा लोखंडी सांगाडा काढला होता. बाईंनी तीन पत्रं लिहिली. मावशी म्हणाल्या, "सांगितलं नव्हतं मी? वहीत लिहिलंय म्हणजे कुठेच लिहिलेलं नाही."

उद्घाटनाच्या दिवशी प्रसूतिगृहाच्या अंगणात खुर्च्या, फुलं, साहेब, उपग्रह, आणि दोघांच्या नावांची चकचकीत पाटी. खडूबाईंना बोलावणं नव्हतं. त्या वर होत्या. गच्चीच्या उत्तर टोकाला गुडघ्यावर बसून त्यांनी चार मीटरच्या पट्टीभोवती खडूने जाड चौकट ओढली होती आणि मधोमध ठाण मांडलं होतं. कंत्राटदाराचा माणूस सांगाडा घेऊन उभा; बॅटऱ्या तोवर जिन्याच्या तोंडाशी नुसत्या जमिनीवर जोडून चालू केलेल्या.

"बाई, उठा की. खाली भाषण चालू आहे."

"भाषणाला माझी अडचण नाही. सांगाड्याला आहे. तो जिन्याच्या खोलीत जाईल, मी मोजलंय, दोन बोटं जागा शिल्लक राहते."

मावशी मागे दोऱ्या बांधायलाही लागल्या होत्या. खालून साहेबांचा आवाज येत होता, "...आधुनिक तंत्रज्ञानाच्या दूरदृष्टीमुळे आपल्या शहराच्या प्रत्येक छतावरील..." आणि मध्येच आवाज तुटला.

"संपलं भाषण?" बाईंनी विचारलं.

मावशींनी कठड्यावरून वाकून पाहिलं. साहेबांचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. स्पीकरवाल्याने तार रस्त्यावरच्या खांबावरून घेतली होती.

"वीज गेली," मावशी म्हणाल्या.

बाई उठल्या. चौकट, सांगाडा, पट्टी, सगळं टाकून धावल्या. पन्नाशी उलटलेल्या बाईला असं धावताना त्या जिन्याने कधी पाहिलं नसेल. किल्ल्यांची खुळखुळ तीन मजले खाली गेली. काचेच्या पेट्यांच्या खोलीत दोन पेट्या होत्या, एकीत एक मुठीएवढं काहीतरी झोपलं होतं. पेटीवरचा हिरवा दिवा लागलेला होता. तो लुकलुकलासुद्धा नव्हता. बाई मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभ्या राहिल्या. एक मिनिट. दोन. तीन.

कोपऱ्यात नर्स नोंद लिहीत होती. तिला वीज गेल्याचं ठाऊकच नव्हतं. तिने मान वर केली आणि कपाळाला आठी घातली.

"बाई, चपला बाहेर काढा आधी. आणि ते खडूचे हात काचेला लावू नका."